खांदा उचलला की चेहरा हलायचा! सर चार्ल्स बॅलन्स कोण होते?

कानामागच्या हाडाची शस्त्रक्रिया नाजूक असते. चेहऱ्याची नस याच हाडातून जाते. ती तुटली, तर त्या बाजूचा चेहरा लुळा पडतो. डोळा मिटत नाही, हसताना तोंड वाकडे होते.

यावर मार्ग शोधणाऱ्या पहिल्या डॉक्टरांत लंडनचे सर्जन सर चार्ल्स बॅलन्स (१८५६-१९३६) यांचे नाव येते.

त्यांनी काय केले?
१८९५ मध्ये त्यांनी चेहऱ्याची निकामी नस खांदा हलवणाऱ्या नसेला जोडली. घरची वीज गेल्यावर शेजाऱ्याकडून वायर ओढावी, तसे. अशा जोडणीने चेहरा हलू लागे, पण खांदा उचलला की! मनातले हसू काही चेहऱ्यावर उमटत नसे.

पुढे काय झाले?
बॅलन्स तिथेच थांबले नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर अमेरिकेतील डॉ. आर्थर ड्यूएल यांच्यासोबत त्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. तुटलेल्या टोकांमध्ये दुसऱ्या नसेचा तुकडा बसवला, तर चेहरा पुन्हा स्वतःच्याच नसेवर चालू शकतो, हे दोघांनी १९३२ मध्ये मांडले.

आज काय?
असे नसेचे तुकडे आजही जोडले जातात. मात्र नस दिवसाला साधारण १ मिलिमीटरच वाढते. त्यामुळे पहिली हालचाल दिसायला अनेक महिने लागतात.