अँथनी ट्रॉलपची बेगमी

लेखणीवर संसार चालवावा असे पुष्कळांच्या मनात येते. पण महिन्याच्या महिन्याला येणारा पगार सोडवत नाही. इंग्लंडमधील विख्यात कादंबरीकार अँथनी ट्रॉलप याने तेहतीस वर्षांची टपाल खात्यातील नोकरी कशी सोडली, हे घरखर्चाचा मेळ घालणाऱ्या भगिनींना उद्बोधक वाटेल.

ट्रॉलपचा जन्म २४ एप्रिल १८१५ रोजी लंडनमध्ये झाला. वडिलांची वकिली बसली, शेतीतही खोट आली. हॅरोच्या शाळेत श्रीमंतांची मुले अँथनीच्या गबाळ्या कपड्यांना हसत. हे बुडते घर सावरले त्याच्या आईने. फ्रान्सेस ट्रॉलप हिचे पहिले पुस्तक १८३२ साली निघाले, तेव्हा ती ५३ वर्षांची होती. दोन वर्षांनी देणेकऱ्यांच्या तगाद्यामुळे कुटुंबाला बेल्जममधील ब्रूझ गावी जावे लागले. तेथे दिवसा आजारी मुलाची व पतीची शुश्रूषा करायची आणि रात्री कादंबरी लिहायची, असा तिचा क्रम होता. दोघेही दगावले, लेखन मात्र थांबले नाही, कारण चूल त्याच्यावरच पेटत होती.

त्याच १८३४ साली अँथनी लंडनच्या मुख्य टपाल कचेरीत कारकून झाला. पगार वर्षाला ९० पौंड. पहिली सात वर्षे कर्जात आणि वरिष्ठांच्या बोलण्यात गेली. १८४१ मध्ये आयर्लंडला बदली झाली आणि त्याचे दैव फिरले. कामात तो वाकबगार ठरला. १८४४ मध्ये त्याने रोझ हेझल्टाइन हिच्याशी विवाह केला. १८४७ साली निघालेल्या पहिल्या कादंबरीने एक पैसाही दिला नाही. १८५५ च्या ‘द वॉर्डन’चे पहिल्या वर्षअखेर हाती आले ते अवघे नऊ पौंड आणि काही शिलिंग!

त्याने धीर सोडला नाही, नोकरीही सोडली नाही. खात्याच्या कामासाठी आगगाडीचा प्रवास सतत घडे. तेव्हा मांडीवर पाटी घेऊन तो पेन्सिलीने लिही आणि रोझ त्याची स्वच्छ प्रत करी. पुढे पहाटे साडेपाचला लिहायला बसण्याचा नेम त्याने धरला. वेळेवर उठवून कॉफी देण्याबद्दल म्हाताऱ्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द लिहायचे, मग कचेरीला जायचे. खात्याचे कामही त्याने मनापासून केले. ब्रिटिश बेटांत रस्त्यावरच्या टपालपेट्या प्रथम १८५२ मध्ये जर्सी येथे उभ्या राहिल्या, त्या त्याच्याच शिफारशीने.

१८६० मध्ये एका कादंबरीला हजार पौंड मिळाले. १८६४ साली त्याला डावलून कनिष्ठ सहकाऱ्यास वरची जागा दिली गेली. मन दुखावले, तरी रागाच्या भरात त्याने राजीनामा फेकला नाही. साठीनंतर मिळणाऱ्या पेन्शनीइतके उत्पन्न आपल्या शिलकीतून येऊ लागेल तेव्हाच नोकरी सोडायची, असे त्याने पत्नीशी विचारविनिमय करून पूर्वीच ठरविले होते. ती बेगमी होताच ऑक्टोबर १८६७ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, तो मोकळा झाला. पेन्शनीला अजून आठ वर्षे होती.

पुढचा मार्ग फुलांचा नव्हता. मासिकाचे संपादकपद तीन वर्षांत सुटले. १८६८ च्या निवडणुकीत तो पडला. उतारवयात पुस्तकांचा भावही उतरला. घर मात्र डळमळले नाही. ६ डिसेंबर १८८२ रोजी तो वारला, तेव्हा त्याच्या नावावर ४७ कादंबऱ्या होत्या. १८८३ मध्ये निघालेल्या आत्मचरित्रात प्रत्येक पुस्तकाच्या मिळकतीची नोंद आहे. बेरीज जवळजवळ सत्तर हजार पौंड. हा जमाखर्च आणि ते घड्याळ पाहून रसिकांनी नाके मुरडली.

आईचा कष्टाळूपणा आणि पत्नीची साथ यांच्या बळावर त्याने ही वाट चालली. ज्या भगिनींना घरचे, नोकरीचे सांभाळून काही लिहावेसे वाटते, त्यांनी पहाटेचा एक तास आणि महिन्याची थोडी शिल्लक आजपासूनच बाजूला ठेवावी.