खरपूस पाव आणि शुगरचा रिपोर्ट यांना जोडणारे लुई मायार कोण होते?

घरात कुणाला डायबेटिस असेल, तर 'एचबीएवनसी' हे नाव तुमच्या कानावरून गेलंच असेल. गेल्या दोन-तीन महिन्यांत शुगर कशी होती, हे सांगणारी रक्ताची टेस्ट.

पण ही टेस्ट नेमकं मोजते काय? तर रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे, ते. हिमोग्लोबिन हे एक प्रोटीन. म्हणजे साखर प्रोटीनला चिकटते, आणि तेही कुणी न चिकटवता, आपोआप.

यामागची रासायनिक क्रिया १९१२ साली एका फ्रेंच डॉक्टरने जगासमोर मांडली. त्यांचं नाव लुई कामिय मायार. गंमत म्हणजे ते तेव्हा डायबेटिसवर कामच करत नव्हते.

सोळाव्या वर्षी विद्यापीठात

मायार यांचा जन्म ४ फेब्रुवारी १८७८ चा. गाव पाँ-ता-मूसाँ, फ्रान्सच्या लोरेन भागात, मोझेल नदीच्या काठी. जन्माच्या काही वर्षं आधीच फ्रान्स जर्मनीकडून युद्ध हरला होता आणि लोरेनचा मोठा तुकडा जर्मनीकडे गेला होता. नवी सीमा या गावापासून जवळच होती.

मुलगा हुशार निघाला. सोळाव्या वर्षी तो जवळच्या नान्सी विद्यापीठात दाखल झाला. आधी विज्ञान शिकला, मग १९०३ मध्ये डॉक्टर झाला. पण मायार यांचा जीव रमला तो रसायनशास्त्रात. नान्सीच्या मेडिकल स्कूलमध्येच ते रसायनशास्त्राच्या विभागात काम करू लागले. किडनीचे आजार आणि लघवीतला युरिया हा त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा विषय होता.

करायला गेले एक, झालं भलतंच

त्या काळात प्रोटीन कसं तयार होतं, हे मोठं कोडं होतं. अमिनो आम्लं एकमेकांना जोडली की पेप्टाइड बनतात आणि पेप्टाइडची लांब साखळी म्हणजे प्रोटीन, एवढं कळलं होतं. पण सजीवांच्या शरीरात ही जोडणी कशी होत असेल?

मायार यांनी आधी ग्लिसरीन वापरून अमिनो आम्लं जोडून पाहिली. मग ग्लिसरीनच्या जागी साखर घेतली. ग्लायसिन नावाचं साधं अमिनो आम्ल आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून गरम केलं.

पेप्टाइड राहिलं बाजूला. द्रावण आधी पिवळं झालं, मग गडद तपकिरी, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येऊ लागले.

प्रयोग फसला म्हणून दुसऱ्या कुणी ते ओतून दिलं असतं. मायार यांनी तसं केलं नाही. वेगवेगळी अमिनो आम्लं आणि वेगवेगळ्या साखरा घेऊन त्यांनी हीच क्रिया पुन्हा पुन्हा करून पाहिली आणि १९१२ मध्ये निष्कर्ष छापले. पाव भाजताना, कांदा परतताना, बासुंदी आटवताना जो रंग आणि खमंगपणा येतो, त्यात या क्रियेचा मोठा वाटा असतो. जगभरातले शेफ आज तिला 'मायार रिअॅक्शन' म्हणतात.

पण मायार यांची नजर स्वयंपाकघरावर नव्हती. माणसाचं शरीर आणि त्याचे आजार समजून घेण्यासाठी ही क्रिया महत्त्वाची ठरेल, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं.

आणि मग युद्ध आलं

१९१४ मध्ये मायार पॅरिसला आले. त्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं आणि ते सैन्यात गेले. युद्धात त्यांची तब्येत पार ढासळली. १९१९ मध्ये त्यांनी पॅरिस सोडलं आणि भूमध्य समुद्रापलीकडे, तेव्हा फ्रेंच सत्तेखाली असलेल्या अल्जिअर्सच्या विद्यापीठात प्राध्यापकी घेतली. फ्रान्समधल्या संशोधनाच्या वर्तुळातून ते बाहेरच पडले.

१२ मे १९३६ रोजी, परीक्षक म्हणून पॅरिसला आलेले असताना, त्यांचा अचानक मृत्यू झाला. वय होतं ५८.

त्यांचं म्हणणं खरं ठरलं, पण कधी?

१९५३ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातले जॉन हॉज यांनी या क्रियेचे टप्पे नीट मांडले. १९६८ मध्ये तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांना डायबेटिसच्या रुग्णांच्या रक्तात वेगळंच हिमोग्लोबिन दिसलं. पुढे कळलं, की ते साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन आहे. मायार यांची कढईतली क्रिया आपल्या रक्तात, ३७ अंश तापमानावर, हळूहळू चालू असते. शरीरातल्या या प्रकाराला 'ग्लायकेशन' म्हणतात.

रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवसांत मोडीत निघते, त्यामुळे तिच्यातलं साखर चिकटलेलं हिमोग्लोबिनही जातं. पण डोळ्यातल्या लेन्सचं प्रोटीन जन्मभर तेच राहतं आणि त्वचेतलं कोलॅजन वर्षानुवर्षं टिकतं. तिथे हे नुकसान साठत जातं. वयानुसार लेन्स पिवळसर होणं आणि रक्तवाहिन्या कडक होणं, यात त्याचा हात असतो. डायबेटिसमध्ये साखर जास्त, म्हणून हा वेगही जास्त.

मग पेशी गप्प बसतात का?

अजिबात नाही. ग्लुकोज वापरताना पेशीत मिथाइलग्लायॉक्सल नावाचा पदार्थ तयार होतो. तो प्रोटीनला ग्लुकोजपेक्षा कितीतरी वेगाने चिकटतो. 'ग्लायॉक्सलेज' ही एन्झाईमची जोडी ग्लुटाथायोनच्या मदतीने त्याला आधीच गाठते आणि निरुपद्रवी लॅक्टिक आम्लात बदलते.

त्यातूनही साखर चिकटलीच, तर फ्रुक्टोसामाइन-३-कायनेज हे एन्झाईम तिच्यावर फॉस्फेट बसवतं. त्यामुळे ती पकड सैल होते आणि साखर सुटून येते. जे प्रोटीन दुरुस्त होण्यापलीकडे गेलंय, ते पेशी मोडीत काढते. मात्र कोलॅजन पेशीच्या बाहेर असतं, त्यामुळे या आतल्या बंदोबस्ताचा त्याला फारसा उपयोग होत नाही.

यातला ग्लायॉक्सलेजचा शोध लागला १९१३ मध्ये, मायार यांच्या निबंधानंतर एका वर्षात. प्रोटीनचं नुकसान करणारी क्रिया आणि तिला अडवणारं एन्झाईम, दोन्ही माणसाला जवळपास एकाच वेळी सापडले होते. पण ते एन्झाईम साखरेतून ऊर्जा काढण्याच्या मुख्य वाटेवरचं आहे, असं तेव्हा वाटलं. दोन्हींचा संबंध लागायला कित्येक दशकं गेली आणि तोवर मायार हयात नव्हते.

त्यामुळे पुढच्या वेळी एचबीएवनसीचा रिपोर्ट हातात आला की त्या टक्क्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. पेप्टाइड करायला गेलेल्या एका डॉक्टरच्या भांड्यात १९१२ साली जे घडलं, त्याची पहिली पायरी तो आकडा मोजत असतो.