पहिल्या पाच मिनिटांचा बादशहा : आल्फ्रेड हिचकॉक

हॉस्टेलच्या खोलीत एका लॅपटॉपभोवती आठ-दहा जण पिक्चर बघायला जमतात, तेव्हा सुरुवातीची पाच मिनिटं कुणाच्याच हिशेबात नसतात. कुणी चहा आणायला गेलेला, तर कुणी सरळ पुढे पळवा म्हणून ओरडतो. सुरुवातीला नुसती नावंच तर असतात! अशा सगळ्यांना मला एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. आणि गंमत म्हणजे, तो माणूस आपल्याच लाईनचा.

आल्फ्रेड हिचकॉकचा जन्म १३ ऑगस्ट १८९९ ला लंडनजवळच्या लेटनस्टोनचा. वडिलांचं भाजीचं दुकान. पोरगा इंजिनिअरिंग शिकायला गेला खरा, पण १९१४ मध्ये वडील वारले. पंधराव्या वर्षी टेलिग्राफच्या केबल बनवणाऱ्या हेन्ली कंपनीत त्यानं नोकरी धरली. दिवसभर आकडेमोड, संध्याकाळी चित्रकलेचा वर्ग. त्या जोरावर तो कंपनीच्याच जाहिरात खात्यात शिरला. पुढे एक अमेरिकन फिल्म कंपनी लंडनमध्ये स्टुडिओ काढतेय असं कळलं, तेव्हा मूकपटात मधूनमधून येणाऱ्या मजकुराच्या पाट्या रंगवून तो तिथे घेऊन गेला. काम मिळालं. पात्र बेफाम जगतंय असा मजकूर असला, की खाली तो दोन्ही टोकांनी जळणारी मेणबत्ती काढायचा. शब्दाचं काम चित्रानं करायचं, हे त्याच्या हातात तिथेच बसलं असावं.

१९२५ मध्ये तो दिग्दर्शक झाला. १९२७ चा 'द लॉजर' सुरू होतो तोच किंचाळणाऱ्या बाईच्या चेहऱ्यानं. ती कोण, मारणारा कोण, काही सांगितलेलं नाही. पण पिक्चर कुठल्या जातीचा आहे, हे कळायला आणखी काय पाहिजे?

१९३९ मध्ये तो अमेरिकेला गेला. १९५४ चा 'रिअर विंडो' तर मी पहिल्या काही मिनिटांसाठी पुन्हा पुन्हा बघतो. कॅमेरा चौकातल्या समोरच्या खिडक्यांवरून फिरतो. थर्मामीटरवरून उकाडा कळतो. मग प्लास्टरमधला पाय, फुटलेला कॅमेरा, रेसच्या गाडीच्या अपघाताचा फोटो. संपलं! हिरो फोटोग्राफर आहे, धाडशी आहे, पाय कसा मोडला आणि आता तो घरात का अडकलाय, सगळं कळलं. एका शब्दाचा संवाद नाही. आपल्याला व्हायवात असं मोजकं बोलता आलं तर!

१९६० च्या 'सायको'त सॉल बासनं केलेल्या रेघा पडद्यावर सरकतात, नावं तुटतात, जुळतात. सोबत बर्नार्ड हरमनची नुसती तंतुवाद्यं. पोटात गोळा तिथेच येतो. मग फिनिक्स शहर, तारीख, वेळ, आणि कॅमेरा अर्धवट उघड्या खिडकीतून एका जोडप्याच्या खोलीत शिरतो. चोरून बघणारे आपणच होतो! सुमारे आठ लाख डॉलरमध्ये केलेला हा पिक्चर. सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, असा दंडक त्यानं थिएटरवाल्यांना घातला. कारण नायिकाच मध्यावर मरते. उशिरा आलेला शेवटपर्यंत तिची वाट बघत बसला असता.

दिग्दर्शनासाठी पाच नामांकनं मिळूनही त्या विभागातलं ऑस्कर त्याला कधीच मिळालं नाही. २९ एप्रिल १९८० ला लॉस एंजेलिसमध्ये तो गेला.

आपल्यातल्या कितीतरी जणांना रात्री झोपताना वाटतं, की आपण चुकीच्या लाईनला आलो. हिचकॉकच्या आयुष्याची पहिली रीळ बघून केबल कंपनीतल्या त्या पोराबद्दल कुणी काही भाकीत केलं नसतं. त्यानं नोकरी तडकाफडकी सोडली नाही, पण संध्याकाळचा वर्गही बुडवला नाही. मला यातलं हे दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. तेव्हा सबमिशन वेळेवर करा, आपला छंदही सांभाळा. आणि पुढच्या पिक्चरला चहा आधी आणून ठेवा!