'मॅड' काढणाऱ्या माणसालाच पुढं 'मॅड'शी स्पर्धा करावी लागली

एखादी गोष्ट चालली की तिची नक्कल निघते. वडापावची निघते, सिनेमाची निघते आणि मासिकाचीही निघते. लंडनच्या 'पंच' साप्ताहिकाचं बघून आपल्याकडं मुंबईत 'पारशी पंच' आणि ठाण्यात 'हिंदू पंच' निघालंच होतं. पण ज्यानं मूळ माल तयार केला, त्याच्यावरच पुढं तसाच माल घेऊन बाजारात उभं राहायची वेळ आली तर?

हार्वे कर्ट्झमनच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

कर्ट्झमनचा जन्म १९२४ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. वडील तो लहान असतानाच वारले. पोराला चित्रांचा नाद होता. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यानं स्टॅन लीकडं एकपानी विनोदी चित्रकथा काढल्या. हा तोच स्टॅन ली, जो पुढं मार्व्हलमुळं जगाला माहीत झाला.

मग तो बिल गेन्स यांच्या ईसी कॉमिक्समध्ये आला. तिथं तो युद्धकथांची कॉमिक्स करायचा. बारीकसारीक तपशील तपासल्याशिवाय अंक सोडायचा नाही. त्यामुळं अंक कमी निघायचे आणि पैसेही कमी मिळायचे. शेजारच्या टेबलावरचा संपादक अल फेल्डस्टीन त्याच वेळात जास्त अंक काढून जास्त कमवायचा.

पगार वाढवायचा तर आणखी एक कॉमिक काढ, विनोदी काढ, असं गेन्सनं सुचवलं. त्यातून १९५२ साली 'मॅड' जन्माला आलं. किंमत होती १० सेंट.

चौथ्या अंकात सुपरमॅनची खिल्ली उडवणारी कथा आली आणि 'मॅड' उचललं गेलं. सिनेमा, जाहिराती, बाकीची कॉमिक्स, 'मॅड'नं कुणालाच सोडलं नाही.

आणि मग नकलांची रांग लागली. 'व्हॅक', 'नट्स', 'क्रेझी', 'वाइल्ड', 'रायट', एकामागून एक. यातली काही तर स्टॅन लीच्याच संपादनाखाली निघत होती. कहर म्हणजे खुद्द गेन्सनं १९५४ मध्ये फेल्डस्टीनला बसवून 'पॅनिक' काढलं. म्हणजे घरच्या मालाची नक्कल घरातच! कर्ट्झमनला हे अजिबात रुचलं नाही.

बहुतेक नकला वर्ष-दोन वर्षांत बंद पडल्या. त्यांनी 'मॅड'चा दंगा उचलला, पण त्यामागची मेहनत उचलली नाही.

त्याच वर्षी अमेरिकेत कॉमिक्समुळं मुलं बिघडतात म्हणून ओरड झाली, सिनेटपुढं सुनावणी झाली आणि कडक नियमावली आली. १९५५ मध्ये 'मॅड' कॉमिकचं मासिक झालं, किंमत २५ सेंट. मासिकाला ती नियमावली लागू नव्हती, म्हणून 'मॅड' वाचलं. पण हा बदल आधी कर्ट्झमनला टिकवण्यासाठी केला होता, कारण त्याला दुसरीकडून नोकरी चालून आली होती.

तरी तो टिकला नाही. १९५६ मध्ये त्यानं गेन्सकडं ५१ टक्के मालकी मागितली. गेन्सनं नकार दिला. कर्ट्झमन बाहेर पडला आणि त्याच्या खुर्चीत फेल्डस्टीन बसला.

आता स्वतःचं 'मॅड' त्याला पुन्हा उभं करायचं होतं. 'प्लेबॉय'वाल्या ह्यू हेफनरच्या पैशावर १९५७ मध्ये 'ट्रम्प' निघालं. दोन अंकांत बंद. मग चित्रकार मित्रांनी पदरचे पैसे घालून 'हंबग' काढलं. आकार इतका छोटा की स्टॉलवर दिसेचना. ११ अंकांत तेही संपलं. १९६० मध्ये आलेलं 'हेल्प' १९६५ पर्यंत चाललं. तिथं टेरी गिलियम, रॉबर्ट क्रम्बसारखी तेव्हा अनोळखी असलेली पोरं घडली. पण पैसा नाही तो नाहीच.

त्याच काळात 'क्रॅक्ड' आणि 'सिक' ही नवी नक्कलमासिकं मात्र दुकानांत जोरात चालली. आणि फेल्डस्टीनच्या हाताखालच्या 'मॅड'चा खप सत्तरच्या दशकात २० लाखांच्या पुढं गेला.

कर्ट्झमननं पुढची पंचवीसेक वर्षं 'प्लेबॉय'साठी चित्रकथा करून घर चालवलं. ऐंशीच्या दशकात तो 'मॅड'मध्ये परतला, पण एक कलाकार म्हणून. २१ फेब्रुवारी १९९३ ला तो गेला. त्याच्या नावानं १९८८ पासून कॉमिक्सचे हार्वे पुरस्कार दिले जातात.

आज ज्यांचं रील लाखो लोक बघतात आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या शंभर कॉप्या निघतात, त्यांनी कर्ट्झमनची गोष्ट लक्षात ठेवावी. कॉप्या करणाऱ्यांनी त्याचं फारसं काही नेलं नाही. त्याचं सगळं गेलं, कारण 'मॅड' त्याच्या नावावर नव्हतं.