वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव

विज्ञान शिकले की श्रद्धा सुटते, असे आपल्या काही तरुणांना वाटते. त्यांना आम्ही येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांची ओळख करून देतो. १९०३ साली स्पेनमध्ये जन्मलेले फादर मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. खंडाळ्याच्या डोंगरात हिंडून त्यांनी तेथील झाडाझुडपांची नोंद केली. तो ग्रंथ १९५३ साली निघाला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७० साली ते देवाघरी गेले. शेवटपर्यंत ते धर्मगुरूही होते आणि शास्त्रज्ञही. सत्य सत्याशी भांडत नाही. निसर्ग आणि श्रद्धा दोन्ही एकाच परमेश्वराची देणगी. तरुणांनो, आपला मेळघाट जवळच आहे. जाल तेव्हा डोळे उघडे ठेवा, वही सोबत न्या आणि निर्माणकर्त्याचे आभार माना.