बेसी कोलमन : कापसाच्या शेतातून आकाशाकडे

दहावीच्या वर्गात दरवर्षी मी मुलांना एकेक करून उभे करतो आणि पुढे काय व्हायचे आहे ते विचारतो. डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक अशी उत्तरे येतात आणि मागच्या बाकावरचा एखादा मुलगा, अलीकडे एखादी मुलगीही, पायलट व्हायचे आहे असे सांगते. वर्ग हसतो. पालकसभेला त्या मुलाचे वडील येतात तेव्हा मात्र ते हसत नाहीत. ते दोन प्रश्न विचारतात. खर्च किती येतो? आणि एवढा खर्च करून नोकरी मिळेल याची खात्री काय? व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आपल्याकडे दोनशे तासांचे उड्डाण लागते. त्यातल्या तासातासाचे पैसे मोजावे लागतात आणि बेरीज कित्येक लाखांत जाते. घर गहाण ठेवावे की मुलाचे मन मोडावे, असा पेच त्या बापापुढे असतो. मला त्याला छापील उत्तर देता येत नाही. म्हणून येथे एका बाईची हकिकत सांगतो. तिच्यापुढे हेच दोन प्रश्न शंभर वर्षांपूर्वी उभे राहिले होते. पहिला तिने सोडवला. दुसऱ्याने तिची पाठ शेवटपर्यंत सोडली नाही.

बेसी कोलमनचा जन्म अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, अटलांटा नावाच्या लहानशा गावी, २६ जानेवारी १८९२ रोजी झाला. (तारीख आपल्या मुलांच्या सहज लक्षात राहील.) अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा सत्तावीस वर्षे झाली होती. तरी दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांची शाळा वेगळी, आगगाडीतला डबा वेगळा, वस्ती वेगळी. कोलमन कुटुंब पुढे वॅक्सहाची या गावी आले. घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि उत्पन्न कापसाच्या मजुरीचे. वडील जॉर्ज यांच्या अंगात अमेरिकेतील मूळ रहिवाशांचे रक्त होते. टेक्सासमध्ये आपल्याला माणूस म्हणून जगता येणार नाही असे ठरवून १९०१ साली ते ओक्लाहोमाकडे निघून गेले. आई सुसान गेली नाही. ती लोकांच्या घरी स्वयंपाकपाणी करू लागली आणि धाकट्या बहिणींना सांभाळण्याचे काम नऊ वर्षांच्या बेसीकडे आले.

शाळा म्हणजे एक खोली, आणि तीही कित्येक मैल चालून गेल्यावर. कापूस वेचणीचे दिवस आले की शाळेला कुलूप, कारण मुले शेतात. वेचणीच्या हंगामात हजेरीपट कसा रिकामा पडतो हे वऱ्हाड-खानदेशातील माझ्या शिक्षक बांधवांना सांगायला नको. बेसीचे मन वेचणीत कधीच रमले नाही, पण हिशेबात तिचा हात धरणारा घरात कोणी नव्हता. कापसाचे वजन, मजुरीचे पैसे हे सारे तीच पाही. मुकादमाचे लक्ष नसले की तराजूवर हळूच पाय ठेवून वजन वाढवीत असे, असेही सांगतात. शिक्षक असून मी ही गोष्ट मुलांना सांगावी की नाही हा प्रश्नच आहे! आई स्वतः निरक्षर होती. वर्षातून दोनदा पुस्तकांची फिरती गाडी गावावरून जाई, तेव्हा ती मुलांसाठी पुस्तके मागून घेई आणि रात्री बेसी ती सर्वांना वाचून दाखवी.

कपडे धुऊन साठवलेल्या पैशांवर १९१० साली ती ओक्लाहोमातील लँगस्टन येथे कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात दाखल झाली. एक सत्र पुरे झाले आणि पैसे संपले. ती परत आली आणि पुन्हा धुण्याच्या टोपल्या उचलू लागली. आयुष्यात पैशाने तिला अडवले ते हे पहिल्यांदा.

१९१५ साली, तेविसाव्या वर्षी, ती शिकागोला भावांकडे गेली. दक्षिणेतील हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे त्या काळात उत्तरेकडच्या शहरांत जात होती. तेथे तिने पुरुषांच्या केशकर्तनालयात गिऱ्हाइकांची नखे कापून, घासून, चमकवून देण्याचे काम धरले. आपल्याला हे काम विचित्र वाटेल. पण बसून करण्याचे, सावलीतले आणि रोख पैशाचे हे काम कापसाच्या शेतातून आलेल्या मुलीला पुष्कळ होते. चार वर्षांत ती स्वतःचे दुकान टाकू शकली असती, आणि घरच्यांना त्यात आनंदच झाला असता.

तिचे भाऊ पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आले. त्यातला जॉन मोठा थट्टेखोर. फ्रान्समधल्या बायका विमान चालवतात, तुम्हाला ते जमायचे नाही, असे तो तिला दुकानात येऊन चिडवी. थट्टा त्याची झाली आणि इरादा हिचा ठरला. तिने अमेरिकेतील विमानविद्यालयांची दारे ठोठावली. ती कृष्णवर्णीय आणि त्यातून स्त्री, त्यामुळे कोणी दार उघडले नाही. शिकागो डिफेंडर या वृत्तपत्राचे संस्थापक रॉबर्ट ॲबट यांच्याकडे ती सल्ला मागायला गेली. येथे वेळ दवडू नकोस, फ्रेंच शिक आणि फ्रान्सला जा, असा व्यवहारी सल्ला त्यांनी दिला.

येथे पालकांनी जरा थांबून पाहावे. बेसीने पहिल्याच दिवशी विमानाच्या तासाचे पैसे भरले नाहीत. आधी तिने भाषेच्या वर्गाची फी भरली. नखांच्या कामापेक्षा जास्त पगार मिळावा म्हणून एका खाणावळीची व्यवस्था पाहण्याचे काम पत्करले. पै पै साठवली. ॲबट यांनी आणि जेसी बिंगा या शिकागोतील कृष्णवर्णीय बँकवाल्याने हातभार लावला, पण तिची स्वतःची बचत उभी राहिलेली दिसल्यावर. आपल्या समाजातही शिष्यवृत्तीसाठी हात पुढे करणारे पुष्कळ असतात. देणारा आधी मागणाऱ्याच्या हाताकडे बघतो, असा माझा अनुभव आहे.

नोव्हेंबर १९२० मध्ये ती बोटीने निघाली. उत्तर फ्रान्समध्ये सोम नदीच्या मुखाशी ल क्रोतॉय येथे कोद्रों बंधूंचे विमानविद्यालय होते. तेथे तिला प्रवेश मिळाला. शिकवण्यासाठी न्यूपोर जातीची दुपंखी विमाने होती. लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड, बस्स. गुरू पुढे आणि शिष्य मागे. विमानाचे नाक वर-खाली करायला एक उभा दांडा आणि दिशा बदलायला पायाखाली एक आडवी पट्टी. ब्रेक नाही. जमिनीवर उतरल्यावर शेपटाखालचा दांडा माती उकरीत जाई तेव्हा विमान थांबे. प्रत्येक उड्डाणापूर्वी तारा, कापड, सांधे बोटाने चाचपून पाहावे लागत, कारण हवेत यातले काहीही दगा देऊ शके. तिच्याबरोबर शिकणारा एक विद्यार्थी तिच्या डोळ्यांदेखत अपघातात गेला. त्याने तिच्या मनाला धक्का बसला, पण दुसऱ्या दिवशी ती शिकायला हजर होती. दहा महिन्यांचा अभ्यासक्रम तिने सात महिन्यांत संपवला आणि १५ जून १९२१ रोजी आंतरराष्ट्रीय परवाना मिळवला. असा परवाना मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री. परवान्यावर जन्मसाल १८९६ लिहिलेले आहे. चार वर्षे कुठे गेली म्हणाल, तर एकोणतिसाव्या वर्षी धंद्यात नव्याने उतरणाऱ्या बाईने ती गाळली असावीत, असे मला वाटते.

सप्टेंबर १९२१ मध्ये ती परतली. वृत्तपत्रांनी कौतुक केले, सत्कार झाले. मग दुसरा प्रश्न पुढे आला. परवाना हातात आहे, पण पगार कोण देणार? अमेरिकेत प्रवासी विमान वाहतूक अजून रांगत होती. टपालाची विमाने होती, पण त्या नोकऱ्या गोऱ्या पुरुषांच्या. अशा वैमानिकाला पोट भरायचा एकच मार्ग उरे, तो म्हणजे जत्रेतल्यासारख्या हवाई कसरती. विमान उलटे करायचे, कोलांट्या घ्यायच्या, सरळ खाली सूर मारून ऐन वेळी वर उचलायचे आणि तिकिटाचे पैसे गोळा करायचे. ही कला परवान्याच्या अभ्यासक्रमात नव्हती आणि शिकागोत तिला ती शिकवायला कोणी तयार नव्हते. म्हणजे पुन्हा खर्च! फेब्रुवारी १९२२ मध्ये ती पुन्हा युरोपला गेली आणि फ्रान्स, हॉलंड, जर्मनी येथे शिकून ऑगस्टमध्ये परत आली. ३ सप्टेंबर १९२२ रोजी न्यूयॉर्कजवळच्या कर्टिस मैदानावर तिने पहिले जाहीर उड्डाण केले.

याच सुमारास एका कृष्णवर्णीय चित्रपट कंपनीने तिला नायिकेची भूमिका देऊ केली. पैसा मिळणार होता आणि प्रसिद्धीही. पण पहिल्याच प्रसंगात फाटके कपडे, पाठीवर गाठोडे, हातात काठी अशा वेषात शहरात आलेली अडाणी मुलगी दाखवायची होती. तिने साफ नकार दिला. आपल्या लोकांचे असले चित्र रंगवण्यात आपण भागीदार होणार नाही, ही तिची भूमिका होती. ज्यांनी तिच्यासाठी खटपट केली होती ते रागावले आणि काही दारे कायमची बंद झाली. हा नकार तिला परवडणारा होता का? माझ्या मते नव्हता. तरी तिने तो दिला, आणि त्यामुळेच मला ती मोठी वाटते.

स्वतःचे विमान नसेल तर प्रत्येक कार्यक्रमाला भाड्याचे विमान, आणि भाडे दिल्यावर हातात काय उरणार? म्हणून तिने कॅलिफोर्नियात एका टायर कंपनीची जाहिरात करण्याचे काम घेतले आणि सैन्याने मोडीत काढलेले जेनी जातीचे विमान सुमारे चारशे डॉलरला विकत घेतले. फेब्रुवारी १९२३ मध्ये लॉस एंजलिसच्या पहिल्या कार्यक्रमाला निघाली असता तीनशे फुटांवर इंजिन बंद पडले आणि विमान जमिनीवर आदळले. पाय मोडला, बरगड्या मोडल्या. तीन महिने इस्पितळात गेले आणि विमानाचा चुराडा झाला. सगळी शिल्लक एका मिनिटात संपली.

त्यानंतरची दोन वर्षे फार ओढाताणीची. १९२५ साली ती टेक्सासला आली आणि ह्यूस्टनपासून पुन्हा उड्डाणे सुरू केली. चर्चमध्ये आणि शाळांत व्याख्याने दिली, उड्डाणाच्या फिल्म दाखवल्या. कृष्णवर्णीय मुलामुलींसाठी विमानविद्यालय काढायचे, हेच तिचे खरे ध्येय होते. ज्या वॅक्सहाचीत कापूस वेचला तेथे कार्यक्रम ठरला, तेव्हा आयोजकांनी गोऱ्यांना एक फाटक आणि काळ्यांना दुसरे अशी व्यवस्था केली. फाटक एकच असेल तर उडेन, नाहीतर नाही, असे तिने कळवले. फाटक एक झाले. आत गेल्यावर बसण्याच्या जागा मात्र वेगळ्याच राहिल्या. तेवढ्यावर तिने उड्डाण केले.

पुढे फ्लोरिडात ओर्लँडो येथे एका पाद्री दांपत्याने तिला मुलीसारखे घरी ठेवून घेतले. तिने तेथे बायकांसाठी सौंदर्यप्रसाधनाचे दुकान काढले. दहा वर्षांनी पुन्हा तेच काम हातात आले, फरक इतकाच की आता त्यातून विमानविद्यालयाचे भांडवल उभारायचे होते. पाद्रींच्या पत्नीला वाटे, हिने उडणे सोडावे आणि हेच दुकान चालवावे. त्या माउलीचे काही चुकले असे मला म्हणवत नाही.

डॅलस येथे तिने एक जुने जेनी विमान हप्त्याने ठरवले होते. शेवटचा हप्ता भरायला च्युइंगगमच्या एका कारखानदाराचा मुलगा, एडविन बीमन, याने मदत केली. विल्यम विल्स हा तरुण मेकॅनिक ते विमान उडवीत जॅक्सनव्हिलला घेऊन आला. वाटेत इंजिनाने दगा दिल्यामुळे त्याला मध्येच उतरावे लागले होते. चांगले विमान घेण्याइतके पैसे असते तर हे विमान तिने घेतले नसते. ३० एप्रिल १९२६ रोजी सकाळी, दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाची जागा पाहण्यासाठी, विल्सला विमान चालवायला देऊन ती मागे बसली. छत्रीने उडी घेण्याची जागा वाकून पाहता यावी म्हणून तिने पट्टा बांधला नव्हता. एकाएकी विमानाने सूर मारला, ते उलटले आणि बेसी बाहेर फेकली गेली. विल्सही विमानाबरोबर कोसळून गेला. इंजिन दुरुस्त करताना विसरलेला एक पाना विमानाच्या यंत्रणेत अडकलेला सापडला. बेसीचे वय चौतीस होते.

शिकागोतील तिच्या दफनविधीला हजारो माणसे लोटली. विमानविद्यालय राहून गेले होते. विल्यम पॉवेल नावाच्या गृहस्थाने शिकागोतील आपला पेट्रोलपंपाचा चालता धंदा सोडला आणि १९२९ साली लॉस एंजलिसमध्ये बेसी कोलमन एरो क्लब स्थापन केला. कृष्णवर्णीय तरुण-तरुणी तेथे उडायला शिकू लागले. १९३१ पासून शिकागोचे कृष्णवर्णीय वैमानिक दरवर्षी तिच्या कबरीवरून विमाने नेऊन फुले टाकू लागले.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळायला मात्र फार वेळ लागला. १९५७ साली मार्लन ग्रीन या कृष्णवर्णीय गृहस्थांनी हवाई दलातील कॅप्टनची नोकरी सोडून कॉन्टिनेन्टल या प्रवासी विमान कंपनीकडे अर्ज केला. अनुभव भरपूर असूनही त्यांना डावलले. त्यांनी दाद मागितली आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६३ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. १९६४ साली डेव्हिड हॅरिस यांना अमेरिकन एअरलाइन्सने नोकरीवर घेतले. ग्रीन स्वतः कॉन्टिनेन्टलच्या विमानात वैमानिक म्हणून बसले तेव्हा १९६५ साल उजाडले होते. बेसीला जाऊन एकोणचाळीस वर्षे झाली होती.