लेण्यांचा चितारी : जेम्स वेल्स

इतिहासाच्या पुस्तकातील नाना फडणवीसांचा उभट, गंभीर चेहरा आपणा सर्वांच्या ओळखीचा आहे. नानांना प्रत्यक्ष पाहून त्यांचे चित्र रंगविणाऱ्या जेम्स वेल्सचे नाव मात्र मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षी, आपल्या ग्रंथालयात प्रथम वाचले.

वेल्सचा जन्म १७४७ साली स्कॉटलंडमधील पीटरहेड या बंदराच्या गावी झाला. चित्रकला तो बहुतांशी स्वतःच शिकला. १७९१ मध्ये तो मुंबईस आला. दुसऱ्याच वर्षी, इंग्रजांचा पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट याच्यामुळे त्याचा पेशवे दरबारात प्रवेश झाला. सवाई माधवराव, नाना, महादजी शिंदे यांची चित्रे त्याने काढली. एवढा मान मिळूनही त्याचे मन रमले ते घारापुरी, कान्हेरी आणि वेरूळच्या लेण्यांत.

लेण्याचे चित्र काढणे किती अवघड, हे आपल्या जिल्ह्यातील माणसास चटकन कळेल. भद्रावतीच्या विजासन लेण्यात डोंगराच्या पोटात सरळ शिरलेला बोळ आहे आणि त्याच्या टोकाशी बुद्धमूर्ती. देवळाला बाहेरून पाहता येते; लेण्याचे सारे वैभव आत. हे ‘आत’ सपाट कागदावर दाखवायचे कसे? वेल्सने ते काम रेषेवर सोपविले. खांबांच्या माथ्यांवरून आणि तळांवरून जाणाऱ्या रेषा दूर जाता जाता एकमेकींजवळ येतात, खांब लहान होत जातात आणि आपली नजर त्यांच्यामागून आत चालू लागते.

२७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव गेले. पुढच्याच महिन्यात ठाण्यास वेल्सही वारला. वेरूळची रेखाटने छापलेली पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. १७९९ मध्ये मॅलेटने त्याची मुलगी सुझॅना हिच्याशी विवाह केला. पुढे टॉमस डॅनियल या नामवंत चित्रकाराच्या देखरेखीखाली १८०३ मध्ये लंडनला वेरूळच्या २४ चित्रांचा संच निघाला. त्या छपाईत तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड वितळवून चिकटवितात आणि पत्रा आम्लात ठेवतात. दाण्यांमधील तांबे आम्ल खाते. फिकट हवे तेथे वार्निश लावून ते लवकर थांबवितात. काळोख हवा तेथे अधिक वेळ खाऊ देतात. वेल्सच्या रेषांनी आखलेल्या खोलीत असा अंधार भरला गेला.

संचावर नावे आहेत ती वेल्स आणि डॅनियल यांची. परंतु त्याच काळात मॅलेटच्या पदरी पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट हाही होता. त्यानेही वेरूळची चित्रे काढली आणि मॅलेटने आपल्या वेरूळवरील लेखासाठी ती उपयोगात आणली. त्याची रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेल्सइतके त्याचे नाव कोणी घेत नाही.

माझे वडील बांबूची सुपे-टोपल्या विणतात. बाजारात सूप विकले जाते, विणणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. म्हणून गंगारामाच्या नावापाशी मी अधिक वेळ थांबलो. यात वेल्सचे मोठेपण उणे होत नाही. परक्या मुलखातील अंधाऱ्या गुहांना त्याने आपले अखेरचे दिवस दिले. पण त्याचे चरित्र सांगणाऱ्याने तांबटाचेही नाव घ्यावे, असे मला मनापासून वाटते.